सायीचं दही आणि ताटाची डावी बाजू

पुण्याजवळचं हिंजवडी हा मुळात भाताचा मुलूख. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि शेजारच्या मावळात, वडगावच्या भात संशोधन केंद्राने, त्याच आंबेमोहोराच्या संकरातून घरोघरी शिजणारा इंद्रायणी दिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क इथे उभं राहू लागलं, खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. आज त्याच जमिनीवर दुपारी एक वाजता, कॅन्टीनच्या रांगेत, ‘मी भात बंद केलाय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

कार्ब्स कमी करणाऱ्यांची संख्या वाढते आहे ही चांगली गोष्ट आहे. आपल्या ताटाला त्याची गरजही आहे. भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्समधून, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात, असं आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दिसलं आहे. पण एक घोळ वारंवार होतो. भात सोडला, पोळ्या निम्म्या केल्या आणि वर दहीही ‘लो-फॅट’ आणलं. दोन्ही बाजूंनी कात्री लावली की पोट भरायचं कशाने? चार वाजता भूक कडाडते, टपरीवर बिस्किटाचा पुडा फुटतो आणि दिवसभराचा संयम चहात बुडतो. म्हणून या लेखात दह्यापासून सुरुवात करून ताटभर फिरून येऊ. वाटेत काही गमतीशीर गोष्टी भेटतील, काही चक्रावून टाकतील.

६१ आणि ६३

अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते जगभर वापरले जातात. त्यात साध्या, बिनसाखरेच्या, पूर्ण स्निग्धांशाच्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये ६१ कॅलरी आहेत. आणि लो-फॅट दह्याच्या १०० ग्रॅममध्ये? ६३! पिष्ट आणि साखर बघितली तर सायीच्या दह्यात पाच ग्रॅमच्या आत, लो-फॅटमध्ये सात.

हे कसं? साय काढली की दही पातळ आणि बेचव होतं. मग दाटपणासाठी दुधाची भुकटी घालतात. भुकटीबरोबर प्रथिनं येतात तशी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोजही येते. ही झाली साध्या दह्याची गोष्ट. आंबा, ब्लूबेरी, व्हॅनिला असं काही नाव डब्यावर आलं की फळापेक्षा साखरच जास्त बोलते.

आपल्याकडे म्हशीचं दूध जास्त, त्यामुळे आपल्या सायीच्या दह्यात कॅलरी अमेरिकन दह्याहून जास्त असतात, हे मान्यच करायला हवं. भारतीय नियमांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश लागतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५. फुल क्रीम दुधाच्या दह्याची वाटी टोन्डच्या वाटीपेक्षा कॅलरींनी जवळजवळ दीडपट भरते. पण साखर दोन्हींत साधारण सारखीच, आणि दीडपट भरलेली वाटी खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत डबे उघडावेसे वाटत नाहीत. लो-कार्ब खाण्यात सायीचं दही बसतं ते याचसाठी: भात-पोळीतून वजा झालेल्या कॅलरी कुठून तरी भरून काढाव्या लागतात, आणि बिस्किटापेक्षा साय केव्हाही बरी.

टोन्ड दूध जन्मलं ते मुंबईत

पिशवीवरचा ‘टोन्ड’ हा शब्द ऐकून हा विलायतेतून आलेला प्रकार असावा असं वाटतं. तसं नाही. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते जास्त लोकांना, कमी पैशात पुरवायची ही कल्पना दारा खुरोडी यांची. १९४० च्या दशकात, दुधाच्या टंचाईच्या काळात, मुंबईच्या दूध योजनेत ती आकाराला आली. शहरातल्या कोंदट गोठ्यांमधल्या म्हशी गोरेगावच्या आरे वसाहतीत हलवण्यामागेही खुरोडीच होते. १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. कुरियन यांचं नाव घराघरात आहे. खुरोडींचं नाव मात्र आरेच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नाही, आणि ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा, की टोन्ड दूध वजन उतरवण्यासाठी निघालं नव्हतं. ते निघालं गरिबाच्या मुलाच्या पेल्यात दूध पडावं म्हणून. ते ‘हलकं’, ‘तब्येतीचं’ वगैरे नंतर ठरलं.

जंतूंचं जेवण

दूध नासू नये म्हणून विरजण लावतो, पण भांड्यात खरं चालतं ते जंतूंचं जेवण. विरजणातले जीवाणू लॅक्टोज खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. आंबटपणा तिथून येतो. साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लॅक्टोज अशी संपते. दूध पचत नाही पण दही चालतं, असं सांगणारी माणसं प्रत्येक घरात असतात, त्याचं एक कारण हे.

आणखी एक मजेची गोष्ट. डब्यावर छापलेला कार्बोहायड्रेटचा आकडा बहुधा थेट मोजलेला नसतो. १०० मधून पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि क्षार वजा करायचे, उरेल ते कार्बोहायड्रेट, अशी ही वजाबाकी असते. त्यामुळे दह्यातलं लॅक्टिक आम्लही त्या आकड्यात घुसतं. म्हणजे आंबट दह्यात प्रत्यक्ष साखर छापील आकड्याहून थोडी कमीच. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दह्यात साखर उरतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चक्का बांधा

दुकानात ग्रीक योगर्टचा छोटा डबा हातात घेतला की किंमत बघून दोनदा विचार करावा लागतो. ते बनतं असं: दही कापडात किंवा यंत्रात निथळायचं, पाणी काढून टाकायचं, उरलेला दाट भाग डब्यात भरायचा. गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे घरोघरी हेच तर होतं. मलमलच्या कापडात दही बांधून नळाला किंवा खुंटीला टांगायचं, खाली पातेलं ठेवायचं, सकाळी चक्का तयार.

लो-कार्ब खाणाऱ्याला यातली खाली ठिबकणारी निवळी महत्त्वाची आहे. कारण दुधातली उरलीसुरली साखर पाण्यात विरघळलेली असते आणि तिचा बराच भाग त्या पातेल्यात उतरतो. वर राहतात प्रथिनं आणि साय. साध्या दह्याच्या मानाने चक्क्यात प्रथिनं दुपटीहून दाट होतात. सायीच्या दह्याचा चक्का, त्यात किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ आणि वरून हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी: ऑफिसच्या डब्यात एवढं असेल तर पोळीची आठवण अर्ध्यावर येते.

आता याच चक्क्याचं श्रीखंड केलं की चित्र पार उलटतं. देशाच्या अन्न मानकांनुसार श्रीखंडातला पाण्याचा अंश सोडून जे उरतं, त्यात साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते. एकच कापड, एकच दही, पण एका वाटेने गेलं तर वजन उतरवणाऱ्याचा मित्र आणि दुसऱ्या वाटेने गेलं तर सणाचं पक्वान्न. श्रीखंड पाडव्याला जरूर खावं. मंगळवारी रात्री नऊ वाजता, मोबाइलवरून मागवून, खाऊ नये.

फ्लॅटमधलं विरजण

हिंजवडी, मारुंजी, माणमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी बहुतेक मुलंमुली दही विकतच आणतात. ‘आमच्याकडे लागत नाही’ हे त्यांचं उत्तर. लागतं. फुल क्रीम दूध नीट उकळायचं, बोट बुडवून सोसवेल इतकं कोमट होऊ द्यायचं, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश. अर्ध्या लिटरला एक चमचा ताजं दही पुरे. ते आधी थोड्या दुधात मोडून घ्यायचं आणि मग सगळ्यात मिसळायचं. विरजण जास्त घातलं की दही आंबट होतं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत काम होतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र दहा अंशांवर उतरते, तेव्हा भांडं कॅसरोलमध्ये किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं आणि हलवायचं नाही. सकाळी लोटीत चमचा उभा राहतो.

मातीच्या गाडग्यात लावलं तर आणखी उत्तम. गाडगं सच्छिद्र असतं, ते पाणी ओढून घेतं आणि दही घट्ट लागतं.

ताक हे मूळचंच लो-फॅट

सायीच्या दह्याला रवी लावली की लोणी वर येतं आणि खाली राहतं ते ताक. म्हणजे आजीच्या घरात ‘फुल फॅट’ आणि ‘लो-फॅट’ हे दोन्ही एकाच डेऱ्यातून निघत होते. लोणी कढवून तूप व्हायचं, तुपात कार्ब्स शून्य. ताकात बरंचसं पाणी, त्यामुळे पेलाभर पातळ ताकात साखर अगदी नाममात्र. जिरं, आलं, कोथिंबीर, चिमूटभर मीठ घातलेलं ताक हे हिंजवडीच्या एप्रिलमधलं स्वस्त आणि लो-कार्ब पेय आहे. बाटलीतली गोड लस्सी या पंगतीत बसत नाही.

डावी बाजू मोठी करा

आता मुख्य गोष्ट. लो-कार्ब म्हटलं की लोकांना ब्रोकोली, अ‍ॅव्होकाडो, बदामाचं पीठ असं परदेशी सामान आठवतं आणि महिन्याचा किराणा दुप्पट होतो. खरं तर मराठी ताटाची डावी बाजू आधीपासून लो-कार्बच आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ती बाजू आपण चवीपुरती वाढतो आणि उजवीकडे, मध्यभागी भात-पोळीचा डोंगर करतो. हे प्रमाण बदललं की बरंचसं काम झालं.

चटण्यांपासून बघा. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि ४० ग्रॅम स्निग्धांश, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते सांगतात. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी दहा ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, घेतली तर पोटात जाणारे कार्ब्स दोन ग्रॅमच्या आत. जवसाची चटणी त्याहून पुढे. जवसात जे कार्बोहायड्रेट म्हणून मोजलं जातं त्यातला बहुतेक भाग तंतूंचा असतो, जो साखर वाढवत नाही. कारळं, तीळ, सुकं खोबरं, लसूण: ही सगळी मंडळी याच गटातली. विदर्भ-मराठवाड्यात जवस, देशावर कारळं, कोकणात खोबरं, अशी प्रत्येक भागाची आपली चटणी आहे. सायीच्या दह्यात जवसाची चटणी कालवून, वर कच्चं तेल घालून खाल्लं आहे का? नसेल तर आजच खाऊन बघा. काही माणसं एवढ्यावर जेवण उरकतात.

मग कोशिंबिरी. काकडी, टोमॅटो, मुळा, कोबी यांत १०० ग्रॅमला तीन ते पाच ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. दाण्याचं कूट आणि खोबरं घातलेली खमंग काकडी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, मुळ्याची कोशिंबीर, देशावरचा मेथीचा घोळाणा, ज्यात कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट आणि तेल. मेथीत पाणी आणि तंतू वगळले तर कार्ब्स १०० ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅमच. वांग्याचं भरीत खानदेशी पद्धतीने तेलात, नाहीतर पुणेरी पद्धतीने दह्यात. यातली एकेक गोष्ट चमच्याने नाही, वाटीने वाढा.

पावसाळ्यात मुळशी-मावळातल्या बाजारांत रानभाज्या येतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली. वाटे मांडून बसलेल्या बायकांकडून त्या घ्या आणि भाजी कशी करायची हेही त्यांनाच विचारा. ऑनलाइन मागवलेल्या लेट्यूसपेक्षा ही पालेभाजी ताजी असते, स्वस्त असते आणि पैसे थेट वेचणाऱ्या हातात जातात.

सावध राहायचं ते डाव्या बाजूला लपून बसलेल्या गोडापासून. मुरांबा, साखरांबा, गुळांबा, पंचामृत, लिंबाचं गोड लोणचं. चव अप्रतिम, पण चमचाभरातच थांबा.

भाकरीचा गैरसमज

हे वाचून काहींना धक्का बसेल. ज्वारीची भाकरी लो-कार्ब नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत कार्बोहायड्रेट सुमारे ६८ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, नाचणीत ६७, पांढऱ्या तांदळात ७८. भाकरीला जितकं पीठ लागतं तितक्यात दोन फुलके होतात. म्हणजे दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याचे कार्ब्स वाढले, कमी झाले नाहीत.

मग भाकरीचा फायदा काय? तंतू भरपूर, दहा ग्रॅमच्या पुढे. तांदळात ते जेमतेम तीन. भाकरी चावायला वेळ लागतो, पोटात टिकते. म्हणून भाकरी चांगलीच आहे, पण अर्धी. अर्धी भाकरी, भरपूर पालेभाजी, वाटीभर सायीचं दही, चटणी, कांदा: हे जेवण शेतावरच्या न्याहारीच्या जवळ जातं आणि लो-कार्बच्याही.

गुळाचंही तसंच. चौकाचौकात गुळाच्या चहाच्या पाट्या आहेत. गुळात थोडेफार क्षार असतात, पण मूळ माल साखरच. रक्तातल्या साखरेला दोन्हींत फारसा फरक कळत नाही.

आणि उपवास! एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, कसाव्याच्या कंदातून काढलेलं. वरई, रताळं, बटाटा हेही त्याच वळणाचे. उपवासाच्या ताटात खरं बळ देतात ते दाण्याचं कूट, दही, खोबरं आणि काकडी. साबुदाणा अर्धा आणि कूट दुप्पट केलं की खिचडीही सुधारते.

चौकातलं खाणं

लो-कार्ब खाणाऱ्याने हिंजवडीच्या रस्त्यावर उपाशी राहायचं कारण नाही. शिफ्ट संपवून रात्री बाहेर पडणाऱ्यांसाठी अंडाभुर्जीच्या गाड्या लागतात. तव्यावर कांदा, मिरची, टोमॅटो, मसाला, दोन अंडी फोडली, उलथन्याचा खणखणाट. दोन अंड्यांत बारा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि कार्ब्स जेमतेम एक ग्रॅम. गाडीवरचं हे चांगलं लो-कार्ब खाणं, फक्त सोबतचे पाव परत करायचे. ‘पाव नको, अजून एक अंडं टाका’ हे वाक्य भुर्जीवाल्याला नवीन नाही.

मिसळ मागवली तर मटकीची उसळ जास्त, फरसाण कमी, पावाऐवजी दह्याची वाटी. मटकीत कार्ब्स आहेत, पण प्रथिनं आणि तंतूही आहेत, त्यामुळे साखर हळू चढते. कांदेपोह्यांची प्लेट मात्र जपून. साध्या प्लेटमध्ये ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स सहज जातात. वडापाव तर बटाटा, बेसन आणि पाव असा तिहेरी मामला. आवडत असेल तर महिन्यातून एकदा मनापासून खा.

कोल्हापुरी खानावळीत बसलात तर नशीबवान. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, दह्यातला कांदा. भाकरी अर्धी ठेवली की बाकी सगळं चालतं. मालवणी ठिकाणी तळलेली सुरमई आणि सोलकढी. सोलकढीत नारळाचं दूध आणि आमसूल, साखर घालत नसतील तर उत्तमच.

चहा हा सगळ्यात गुपचूप वाढणारा हिशेब. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या वरच्या साखरेची जी आदर्श मर्यादा सांगते, ती प्रौढ माणसाला साधारण एवढीच पडते. म्हणजे तीन चहांत दिवसाचा कोटा संपला, जेवण अजून बाकीच.

पुण्याचा फोटो जगभर गेला

आपल्याला कार्ब्सचा विचार का करावा लागतो, याचं एक उत्तर पुण्यातच सापडलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त. या फोटोने भारतीय शरीराची ठेवण जगाला एका नजरेत दाखवली.

याज्ञिकांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांहून बरंच कमी. तरी स्नायू कमी आणि चरबी टिकून, हे जन्मापासूनच दिसलं. याच अभ्यासातून बी-१२ जीवनसत्त्वाचा मुद्दाही पुढे आला: निम्म्याहून जास्त मातांमध्ये ते कमी होतं. शाकाहारी घरात बी-१२ मिळण्याचे मार्ग मोजकेच, आणि त्यातला रोजचा मार्ग म्हणजे दूध-दही. म्हणून वजन उतरवण्याच्या भरात दूधदुभतं बंद करणाऱ्या शाकाहारी मंडळींनी इथे थांबून विचार करावा. स्नायू कमी असलेल्या शरीराला प्रथिनं हवीत. कार्ब्स कापताना त्या जागी प्रथिनं आली नाहीत तर जातात ते स्नायूच.

शवपेट्या करणारा माणूस आणि मुलांची फेफरी

कार्ब्स कमी करण्याची टूम नवी नाही. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या व्यावसायिकाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका लिहिली. ती तुफान खपली.

आणि आज जिममध्ये ज्याचा बोलबाला आहे तो कार्ब्स जवळजवळ तोडणारा ‘कीटो’ आहार जन्मला रुग्णालयात. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या मुलांसाठी तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. टोकाचा आहार हा उपचार असतो, त्याला उपचारासारखंच वागवावं.

महाराष्ट्रातही या विषयावर दोन ठळक आवाज आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत घराघरात पोचली. मधल्या वेळेला त्यांच्याकडे पातळ ताक चालतं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात आणि घरचं तूप, दही, हंगामी फळं यांची बाजू मांडतात. दोघांचं पटत नाही. पण घरचं दही-ताक दोघांच्याही ताटात आहे!

साय वाईट की चांगली?

२१ देशांतल्या सुमारे १,३६,००० माणसांवरचा ‘प्युअर’ हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. दूधदुभतं जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि हृदयविकार कमी आढळले, आणि पूर्ण स्निग्धांशाच्या दूधदुभत्याने धोका वाढलेला दिसला नाही. अशा पाहणीतून दही खाल्ल्यामुळेच फायदा झाला हे सिद्ध होत नाही, पण सायीची भीती बरीच कमी होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, आठवड्याला किमान दोन कप दही खाल्ल्यास टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं ‘मर्यादित पुराव्याच्या’ खुलाशासह छापायला परवानगी दिली. आपल्याकडे त्याच वर्षी आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात धान्यांचा वाटा एकूण कॅलरींच्या ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितलं. म्हणजे ताटातला भात-पोळीचा ढीग लहान करा, हे आता सरकारी संस्थाही सांगते.

ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी सायीचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर मनाने कार्ब्स तोडूच नयेत. औषध तेवढंच आणि भात बंद, असं झालं की रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि काही नव्या गोळ्यांसोबत वेगळीच गुंतागुंत होऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही आधी विचारावं.

बाकीच्यांनी दुकानात दही घेताना एवढंच करावं. डब्याच्या पुढच्या बाजूवरची ‘लाइट’, ‘फिट’, ‘प्रोटीन’ अशी अक्षरं सोडून मागचा तक्ता वाचावा. घटकांच्या यादीत दूध आणि विरजणाचे जीवाणू एवढंच असावं. स्टार्च, साखर, फळाचा पाक दिसला तर डबा परत ठेवावा. ‘अतिरिक्त साखर’ या ओळीपुढे शून्य आणि कार्बोहायड्रेट १०० ग्रॅमला पाचच्या आसपास असेल, तर स्निग्धांशाचा आकडा बघून घाबरू नका. ते दही घ्या.